सातशे डॉलरचा खोका

विंडोज ९८ च्या जमान्यात ज्या घरात कॉम्प्युटर होता, त्या घरात रोड रॅश होता. हे म्हणायला माझ्याकडे आकडेवारी नाही, पण माझ्या वयाचं कुणी त्यावर हरकत घेईल असंही वाटत नाही. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून हप्त्यांवर घेतलेला असेंबल्ड पीसी, त्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लास्टिकचं कव्हर, आणि मोठी माणसं घराबाहेर पडली रे पडली की कव्हर बाजूला आणि बाइकवर टांग. शेजारून जाणाऱ्याला लाथ घालायची, त्याच्या हातातली साखळी हिसकावून त्यालाच हाणायची, पोलीस मागे लागला की समोरून येणाऱ्या गाड्यांच्या फटीतून निसटायचं. रेस जिंकणं हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग होता.

हा गेम मुळात पीसीसाठी बनलेलाच नाही, हे आम्हाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. रोड रॅश नावाचे गेम सेगा या जपानी कंपनीच्या, टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर १९९१ पासून येत होते. पण आपण ओळखतो तो, साउंडगार्डन या अमेरिकन रॉक बँडच्या गाण्यांचा आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या रस्त्यांचा रोड रॅश पहिल्यांदा आला १९९४ साली, ‘थ्रीडीओ’ नावाच्या यंत्रावर. १९९६ ची पीसी आवृत्ती त्यावरूनच केलेली. ‘नीड फॉर स्पीड’चंही तेच. त्या मालिकेतला पहिला गेम १९९४ मध्ये थ्रीडीओवरच आला. म्हणजे आमच्या पिढीच्या दहावीच्या टक्क्यांना कात्री लावणारे दोन गेम एकाच खोक्यातून निघालेले, आणि तो खोका माझ्या ओळखीतल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मीही नाही. माझी त्याच्याशी जी काही ओळख आहे ती एम्युलेटरमार्फत, म्हणजे जुन्या यंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, पुष्कळ उशिरा झालेली.

त्या खोक्याबद्दल लिहिणारा प्रत्येकजण किमतीपासून सुरुवात करतो आणि मलाही दुसरी वाट दिसत नाही. ४ ऑक्टोबर १९९३ ला अमेरिकेत पॅनासोनिकचा ‘एफझी-१’ हा पहिला थ्रीडीओ दुकानात आला तो ६९९.९९ डॉलरला. तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे बावीस हजारांच्या घरात. त्याच दुकानात शेजारच्या फळीवर सेगा आणि निन्टेन्डोची यंत्रं शंभर-दीडशे डॉलरला पडलेली. तेव्हापासून आजतागायत थ्रीडीओ म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग किंमत सांगतात. मला मात्र त्या किमतीत हाव दिसत नाही. एका बऱ्या विचाराचं गणित प्रामाणिकपणे शेवटपर्यंत केलं की उत्तर तेवढंच येतं, असं माझं मत होत गेलं आहे. ते गणित मांडण्यासारखं आहे.

विचार होता ट्रिप हॉकिन्सचा. हा माणूस सुरुवातीच्या काळात ॲपलमध्ये होता आणि १९८२ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली. म्हणजे गेम छापून विकणाऱ्याच्या खुर्चीत तो दहा वर्षं बसलेला होता आणि त्या खुर्चीला कुठे काटे आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. निन्टेन्डोसाठी गेम काढायचा तर कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या, किती बनवायच्या ते आधी सांगायचं, पैसे आधी मोजायचे. विकल्या गेल्या नाहीत तर तो माल तुमच्या बोडक्यावर. जास्त विकल्या गेल्या तर नव्या कॅसेट येईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. वर प्रत्येक नगामागे यंत्रवाल्याचा हिस्सा वेगळाच.

(‘कॅसेट’ म्हटलं कारण आपण कॅसेटच म्हणायचो. पिवळ्या नाहीतर लाल प्लास्टिकची, चालली नाही की खालून फुंकर मारायची ती.)

हॉकिन्सने ठरवलं की यंत्र आपण बनवायचंच नाही. नुसता आराखडा बनवायचा आणि ज्या कंपनीला हवा तिला परवान्यावर द्यायचा. आराखडा ज्यांच्याकडून आला ते डेव्ह नीडल आणि आर. जे. मायकल हे दोघे अमिगा कॉम्प्युटर आणि अटारीचा हातात धरून खेळायचा लिंक्स या दोन्हींच्या घडणीत असलेले. १९८९ मध्ये एका रेस्टॉरंटमधल्या कागदी नॅपकिनवर त्यांनी पहिलं रेखाटन केलं अशी गोष्ट सांगतात. १९९१ मध्ये कंपनी उभी राहिली. भागीदार म्हणून मात्सुशिता आली, टाइम वॉर्नर आली, एटी अँड टी आली. पॅनासोनिक हे मात्सुशिताचंच नाव, आणि व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटचा शोध लावणारी जेव्हीसीही त्याच घरातली. एकच मापदंड, तो पाळणारे अनेक कारखाने, आणि कुठलीही कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये चालणार, हा डाव त्यांनी एकदा जिंकलेला होता. पुन्हा का लागू नये?

कागदावर तो लागतही होता. पॅनासोनिकनंतर सान्योने थ्रीडीओ काढला, कोरियाच्या गोल्डस्टारने काढला. गोल्डस्टार म्हणजे आज ज्यांचा फ्रिज आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात आहे ती एलजी. क्रिएटिव्हने तर पीसीच्या पोटात बसवायचं थ्रीडीओचं कार्ड आणलं. गेम बनवणाऱ्यांसाठी अट इतकी सोपी की विश्वास बसू नये: विकलेल्या प्रत्येक सीडीमागे थ्रीडीओ कंपनीला तीन डॉलर, बस. सीडी कुठेही छापा, हव्या तेवढ्या छापा. अमेरिकेचा गेम जपानच्या यंत्रावर चालू नये म्हणून इतरांनी घातलेली कुलपं यात नव्हती. नकली सीडी ओळखून बाहेर फेकणारी व्यवस्थाही नव्हती.

आता गणित. सेगा किंवा निन्टेन्डो यंत्र स्वस्तात विकू शकते, वेळ आली तर घाट्यातही, कारण नंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटमागे ती आपला वाटा वसूल करणार असते. गिऱ्हाईकाला वाटतं यंत्र शंभर डॉलरला पडलं. खरं तर उरलेले पैसे तो पुढची पाच वर्षं, प्रत्येक वाढदिवसाला आणि नाताळला, थोडे थोडे करून फेडत असतो. पॅनासोनिककडे ही सोय नव्हती. गेमवरचे तीन डॉलर जाणार हॉकिन्सच्या कंपनीकडे. पॅनासोनिकला जे कमवायचं ते खोक्यावरच कमवायचं. मग खोक्याची किंमत म्हणजे भागांचा खर्च, कारखान्याचा खर्च, पॅनासोनिकचा नफा आणि दुकानदाराचा नफा, एकाखाली एक लिहून बेरीज. त्यात १२.५ मेगाहर्ट्झचा ३२ बिटांचा एआरएम प्रोसेसर, चित्र काढायला वेगळ्या चिप, तीन मेगाबाइट मेमरी आणि दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह. १९९३ साली हा ऐवज स्वस्त नव्हता. ज्या उद्योगात सगळे यंत्राची खरी किंमत गेमच्या आड लपवत होते, तिथे एकाने ती उघडी करून चिठ्ठीवर लिहिली, आणि तोच महागडा ठरला.

पुढच्याच वर्षी किंमत खाली आली, आधी पाचशे आणि मग चारशे डॉलरपर्यंत. पण ती कमी करायची तर कारखानदारांना कुठून तरी भरपाई द्यायला हवी. १९९४ च्या ऑक्टोबरात थ्रीडीओने गेम काढणाऱ्यांवर सीडीमागे आणखी तीन डॉलरचा आकार लावला, ‘बाजार विकास निधी’ अशा भारदस्त नावाने. ज्यांच्या सोयीसाठी हा सगळा घाट घातला तेच आता चिडले. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला गेम उद्योगाच्या पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीचा माणूस व्यासपीठावर गेला, ‘दोनशे नव्याण्णव’ एवढंच बोलला आणि खाली उतरला. प्लेस्टेशनची किंमत. टाळ्यांचा कडकडाट झाला. सोनी अर्थातच जुन्याच पद्धतीने खेळत होती: गेमवरचा हिस्सा तिच्या खिशात जाणार होता.

सीडीचं म्हणाल तर ती काही थ्रीडीओची नवलाई नव्हती. एनईसीने जपानमध्ये ‘पीसी इंजिन’ या आपल्या गेमच्या यंत्राला सीडी ड्राइव्ह जोडला तो १९८८ च्या डिसेंबरात. १९९१ मध्ये फिलिप्सचा सीडी-आय आला, त्याच वर्षी जपानमध्ये सेगाचा मेगा-सीडी. पण ही एकतर आधीच्या यंत्राला लावलेली ठिगळं होती, नाहीतर फिलिप्ससारखं धड गेमचं नाही आणि धड शिक्षणाचं नाही असं काहीतरी. सीडी पोटात धरून नव्याने, गेमसाठी म्हणून घडवलेल्या पहिल्या काही यंत्रांत थ्रीडीओ येतो, आणि सीडीने गेमवाल्यांची काय दशा केली ते त्याच्यावर फार स्पष्ट दिसतं.

निन्टेन्डोवरच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ची कॅसेट दोन मेगाबाइटची. सीडीवर जागा साडेसहाशे मेगाबाइट. एका खोलीत संसार केलेल्या माणसाला अचानक वाडा मिळाला तर तो आधी काय करेल? मिळेल ते सामान आणून भरेल. गेमवाल्यांनी व्हिडिओ भरला. खरे नट, खरे कॅमेरे, आणि अभिनय असा की गल्लीतल्या गणेशोत्सवातलं नाटक बरं. तुम्ही मधूनच एखादं बटण दाबायचं आणि पुढचा तुकडा पाहायचा. ‘प्लंबर्स डोन्ट वेअर टाइज’ नावाच्या गेममध्ये तर व्हिडिओही जेमतेम; बाकी नुसते स्थिर फोटो एकापाठोपाठ एक आणि वर आवाज. मी तो कर्तव्यबुद्धीने थोडा पाहिला. कुणी पाहू नये.

आणि सीडी वेगाने फिरत असली तरी वाचणारा लेझर एकच. सेकंदाला तीनशे किलोबाइट, तेही सलग वाचलं तर. एका ठिकाणचं चित्र आणि दुसऱ्या ठिकाणचा आवाज हवा असेल तर लेझर इकडून तिकडे सरकेपर्यंत खेळणारा थांबून. कॅसेटमध्ये ही भानगडच नव्हती. बटण दाबलं की खेळ सुरू. म्हणून चांगले थ्रीडीओ गेम हे पुष्कळदा हुशारीने वाट पाहायला लावणारे गेम आहेत. रोड रॅश घ्या. रेस निवडली की डिस्कवरून रस्ता आत येईपर्यंत काहीतरी समोर हवं. मेन्यूत गाणी वाजतात, रेसच्या आधी-नंतर छोट्या चित्रफिती येतात. पकडले गेलात तर पोलीस तुमची वरात काढतो, जिंकलात तर जल्लोष. आमच्याकडच्या कॉपीत हे काहीच नव्हतं. कुणीतरी जागा वाचवायला व्हिडिओ आणि गाणी काढून टाकली होती आणि ती छाटलेली आवृत्ती या घरातून त्या घरात फिरत होती. कित्येक वर्षांनी एम्युलेटरवर मूळ चित्रफिती पाहिल्या आणि प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही फार काही गमावलं नव्हतं. गेमचा जीव होता तो रस्त्यात: चढ चढून वर येताना पलीकडचं काही दिसत नाही, आणि माथ्यावर पोचताक्षणी समोर गाडी. बाइकवाले जवळून पाहिले तर सपाट चित्रं आहेत, वळताना एका चित्राचं दुसरं होतं. पण त्या चढावर पोटात जो खड्डा पडतो तो अजून पडतो.

‘नीड फॉर स्पीड’चा पहिला अवतार मला आजच्या रेसिंग गेमपेक्षा जास्त आवडतो हे सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहतात. कॅनडातल्या चमूने ‘रोड अँड ट्रॅक’ या मोटारींच्या मासिकाला हाताशी धरून तो बनवला. गाड्या फक्त आठ. लॅम्बोर्गिनी डायब्लो, फेरारी, पोर्शे, व्हायपर वगैरे. पण प्रत्येक गाडीचं वजन वेगळं जाणवतं, गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा त्या त्या गाडीचा. रस्ते गोल फिरणारे नाहीत. इथून निघायचं आणि तिथे पोचायचं. समोर प्रतिस्पर्धी एकच, आणि तो रेसच्या आधी-नंतर व्हिडिओत येऊन तुम्हाला चार शब्द सुनावतो. पीसीवर येताना हा आगाऊ माणूस गाळला गेला. त्याला गाळल्याबद्दल मी पीसीवाल्यांचा ऋणी आहे.

थ्रीडीओच्या निमित्ताने ज्या गोष्टी कळल्या त्यात मला सगळ्यात आवडते ती ‘डूम’ या गोळीबाराच्या गाजलेल्या पीसी गेमची. आर्ट डेटा नावाच्या एका छोट्या कंपनीने डूमचे थ्रीडीओचे हक्क विकत घेतले आणि मूळ गेममध्ये नसलेली नवी शस्त्रं, नवे टप्पे देऊ असं जाहीर करून टाकलं. काम आलं रेबेका हाइनमन यांच्याकडे. १९८० च्या स्पेस इन्व्हेडर्सच्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेच्या त्या विजेत्या, आणि तोवर मुरलेल्या प्रोग्रॅमर. त्यांना वाटलं होतं की बरंच काम झालेलं असेल, आपण शेवटचा हात फिरवायचा. मागणी केल्यावर कळलं की झालेलं काहीच नाही. नव्या शस्त्रांची चित्रं होती. कंपनीच्या मालकाची समजूत अशी की चित्र काढलं की शस्त्र गेममध्ये आलं. हाती सुमारे दहा आठवडे. हाइनमन यांनी मूळ डूमवाल्यांकडून कोड मिळवला आणि एकटीने गेम थ्रीडीओवर आणला. संगीत वाजवणारा प्रोग्रॅम नव्याने लिहायला मात्र वेळ उरला नाही. तेव्हा मालकाचा एक बँड होता, त्याने डूमची सगळी गाणी खऱ्या गिटारवर वाजवून रेकॉर्ड केली आणि ती सीडीवर टाकली.

खेळायला तो डूम वाईट आहे. चित्र अडखळतं, म्हणून खेळाची चौकट पडद्याच्या मधोमध आखडून घ्यावी लागते. पण ऐकायला? माझ्या मते डूमचं संगीत इतकं दमदार त्या काळी दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर वाजलं नाही. घाईगर्दीतली अडचण आणि सीडीवरची मोकळी जागा, दोन्हींची गाठ पडली म्हणून.

दुसरी गोष्ट जपानची. केन्जी इनो नावाच्या तरुणाने आपल्या छोट्या कंपनीतून ‘डी’ नावाचा भयगेम बनवला. १९९५ मध्ये तो जपानी थ्रीडीओवर आला. एका बसणीत, दोन तासांत संपवायचा. सेव्ह नाही, मध्ये थांबणं नाही. गोष्टीतला नरभक्षणाचा भाग मंजूर होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं ते असं: आधी सोवळी आवृत्ती दाखवून मंजुरी घेतली, अंतिम डिस्क मुद्दाम उशिरा तयार केली म्हणजे ती स्वतःच अमेरिकेला घेऊन जावी लागेल, आणि विमानात डिस्क बदलली. कॅसेटच्या राज्यात हे जमलं असतं असं मला वाटत नाही. दारं सताड उघडी ठेवण्याचे तोटे हॉकिन्सला मोजावे लागले. फायदे असे कुणा तिसऱ्याच्या पदरात पडले.

‘क्रॅश बँडिकूट’ पुढे ज्यांनी केला त्या नॉटी डॉगच्या दोन पोरांनीही १९९४ मध्ये ‘वे ऑफ द वॉरियर’ हा मारामारीचा गेम थ्रीडीओसाठीच बनवला. मित्रांना वेश चढवून राहत्या घरात त्यांचं शूटिंग केलं. गेम सुमार आहे, उत्साह अफाट आहे.

यंत्राच्या पुढच्या पिढीचं, ‘एम-टू’चं, तंत्र १९९५ मध्ये मात्सुशिताने शंभर दशलक्ष डॉलरला विकत घेतलं आणि १९९७ मध्ये गेमचं यंत्र काढायचा बेत रद्द केला. ते तंत्र मग कोनामीच्या काही आर्केड गेममध्ये आणि पैसे-नाणी घेणाऱ्या कसल्या कसल्या यंत्रांत जिरलं. थ्रीडीओ कंपनी नुसते गेम काढू लागली. प्लास्टिकच्या हिरव्या सैनिकांच्या ‘आर्मी मेन’चे तर इतके भाग काढले की शेवटी कुणी मोजेना. २००३ मध्ये तिचं दिवाळं वाजलं.

कुणाला या भानगडीत डोकावायचं असेल तर माझा सल्ला रोड रॅशपासून सुरुवात करू नका. तो तुम्हाला पाठ आहे. घरात दुसरं कुणी रिकामं असेल तर ‘रिटर्न फायर’ पाहा. पडदा दोघांत विभागलेला, एकमेकांचा झेंडा पळवायचा, तो उचलू शकते फक्त जीप, आणि जीप एका गोळ्यात उडते. हेलिकॉप्टर उडालं की वाग्नरचं संगीत सुरू होतं आणि मेलात की एक कवटी तुम्हाला हसते. ज्यांना एम्युलेटरची खटपट नको त्यांच्यासाठी ‘स्टार कंट्रोल टू’. अंतराळात भटकायचं, नाना तऱ्हेच्या परग्रहवासीयांशी बोलायचं, अधूनमधून लढायचं. १९९४ च्या थ्रीडीओ आवृत्तीत त्या सगळ्यांना सीडीच्या जागेमुळे खरे आवाज मिळाले. २००२ मध्ये बनवणाऱ्यांनी नेमका याच आवृत्तीचा कोड खुला केला आणि स्वयंसेवकांनी त्यावरून ‘द अर-क्वान मास्टर्स’ तयार केला. तो फुकट आहे, रीतसर आहे, आणि कुठल्याही जुन्यापान्या लॅपटॉपवर चालतो. सुरुवातीला इंधन जपून वापरा.